अनोळखी पार्सल दारी येते तेव्हा



वर्तमानपत्राच्या कचेरीत रोज टपालाचा ढीग येऊन पडतो. त्यात कविता असतात, तक्रारी असतात, क्वचित शिव्याही असतात. शिव्यांनी कोणाचा प्राण गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पार्सलाने मात्र गेला आहे. ओडिशातील पाटणागढ येथे २०१८ च्या फेब्रुवारीत, लग्नाला पाच दिवस झाले असता, कुरिअरने आलेला आहेर नवरदेवाने उघडला. पार्सल रायपूरहून आले होते आणि रायपुरात आपल्या ओळखीचे कोणी नाही, हे त्याच्या ध्यानातही आले होते. तरी दोरा ओढला गेला. तो व घरातील एक वृद्ध आजी स्फोटात दगावली. नववधू गंभीर जखमी झाली. पाठविणाराचे नाव खोटे होते. त्याच्या आईशी प्राचार्यपदावरून वैर धरणाऱ्या एका प्राध्यापकास न्यायालयाने मे २०२५ मध्ये जन्मठेप ठोठावली.

शंका आली होती, पण तिचा मान राखला गेला नाही. मंगलकार्याच्या घरी शंका काढणे आपणांस असभ्यपणाचे वाटते, आणि घातकी माणूस नेमका ह्याच सौजन्यावर विसंबून असतो.

म्हणून आधी वेष्टन पाहावे. प्रेषकाचे नाव नाही किंवा अनोळखी आहे. पत्ता एका गावचा, शिक्का दुसऱ्याच गावचा. तिकिटे वाजवीपेक्षा जास्त. तेलकट डाग, उग्र वास, एका अंगाला भार, बाहेर डोकावणारी तार. यांतील एखादी खूण दिसली तरी हात आवरावा. आपण काही मागविले होते काय, हे घरात विचारावे. प्रेषक ओळखीचा असेल तर त्यास दूरध्वनी करावा; मात्र पार्सलापासून दूर जाऊन.

ते हलवू नये, हुंगू नये, दोरा कापू नये. आमच्याकडील शूर मंडळींचा बादलीभर पाण्यावर फार भरवसा. पाण्यातही बुडवू नये. असेल तेथेच राहू द्यावे, मुलाबाळांसह सर्वांनी बाहेर पडावे आणि ११२ वर पोलिसांना कळवावे.

पाकिटातून भुकटी सांडली तर पंखा बंद करावा, दार लावून घ्यावे, साबणाने हात धुवावेत. २००१ साली अमेरिकेत अँथ्रॅक्सच्या पत्रांनी पाच माणसे मेली. त्यांतील दोघे टपालखात्यातील कामगार होते. त्यांनी ती पाकिटे उघडलीही नव्हती. तेव्हा असे पाकीट पोस्टमनच्या हाती परत देऊ नये. कोणकोणाचा हात त्यास लागला, त्यांची नावे मात्र पोलिसांस सांगावीत. त्यात पोस्टमनचेही सांगावे.