शब्दकोडे : वर्गातील दुसरा शिक्षक

(मालवण तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यातील कित्येक शाळांत पट अल्प असतो आणि शिक्षक दोनच असतात. एका इयत्तेस गणित समजावून देत असताना दुसरी इयत्ता काय करीत असते, हा प्रश्न आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. बहुधा ती धडा उतरवून काढीत असते. त्यात हात चालतो, मन चालतेच असे नाही; आणि झालेली चूक शिक्षकाची दृष्टी वहीवर पडेपर्यंत तशीच राहते. अशा वेळी शब्दकोडे काय साधू शकते, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

कोड्याचा आनंद आपल्याला नवा नाही. जुन्या मराठीत कोड्यास ‘उमाणे’ म्हणत. शेजारच्या गोव्यात ‘हुमाण’ म्हणतात. संतांनीही कूटरचना केली. चौकटींचे शब्दकोडे मात्र अलीकडचे आहे. आर्थर विन या लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या पत्रकाराने रचलेले, शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले. तेथून हा छंद जगभर पसरला आणि मराठी वृत्तपत्रांतही स्थिरावला.

साधे कोडे व चौकटींचे कोडे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. साध्या कोड्याचे उत्तर बरोबर की चूक, हे कोडे घालणाराच सांगतो. चौकटींच्या कोड्यात ते छेदणारा शब्द सांगतो. एक उदाहरण घेऊ. आडव्या चार घरांत ‘मालवण’ हा शब्द आहे. पहिल्या घरातून खाली ‘मासा’ उतरतो आणि वरून येणारा ‘रापण’ चौथ्या घरात संपतो. ‘किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे’ ही त्याची खूण. ज्या मुलाने घाईने ‘मालवन’ लिहिले असेल, त्यास ‘रापण’ अडवितो. घरी रोज कानांवर पडणारा शब्द पुस्तकी लेखनातील चूक दाखवून देतो! येथे कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही. मूल स्वतःच खोडते आणि स्वतःच सुधारते. चुकीच्या भयाने वर्गात मुके राहणाऱ्या मुलास याहून मोठे साहाय्य कोणते?

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण असतो. मराठीत स्वरचिन्हासह पूर्ण अक्षर असते, जोडाक्षरही एकाच घरात बसते. त्यामुळे ह्रस्वदीर्घाची उपेक्षा येथे चालत नाही. ‘शीड’ आणि ‘शिडी’ यांचे पहिले घर सामाईक होऊ शकत नाही, तसेच ‘मूल’ व ‘मुले’ यांचेही. ते का होत नाही, असे मुलांना विचारावे. शब्द अकारान्त असता उपान्त्य इकार-उकार दीर्घ, आणि अन्त्य अक्षर दीर्घ असता तो ह्रस्व, हा मराठी शब्दांचा सामान्य नियम मुले उदाहरणांवरून स्वतः शोधून काढतील. शोधलेला नियम पाठ केलेल्या नियमापेक्षा अधिक काळ टिकतो.

याने बुद्धी सर्वच विषयांत तीक्ष्ण होते, असा दावा मी करणार नाही. ज्याचा अभ्यास, त्याचेच कौशल्य. परंतु स्मरणाविषयी एक गोष्ट प्रयोगांनी दाखविली आहे. २००६ साली रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुनःपुन्हा वाचावयास लावला, तर काहींना तो आठवून लिहावयास लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवणारे पुढे गेले. शब्दकोडे हे आठवण्याचेच काम आहे, आणि मूल ते हौसेने करते.

आता एक सावधगिरीची सूचना. आपल्या राज्यात एके काळी बक्षिसाच्या शब्दकोड्यांनी मोठा जोर धरला होता. ‘□ळ असेल तर काम होते’ अशी खूण दिली, तर तेथे ‘बळ’ही बसते आणि ‘वेळ’ही. अशा ठिकाणी निर्णय ज्ञानाचा न राहता नशिबाचा होतो. अशा स्पर्धांवर मुंबई राज्याने १९४८ साली कायद्याने नियंत्रण आणले. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने बक्षिसांची रक्कम महिन्यास एक हजार रुपयांपर्यंत मर्यादित केली. कौशल्याच्या स्पर्धा व जुगाराच्या स्पर्धा यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली स्पष्ट केला. आपण यातून दोन गोष्टी घ्याव्यात : खूण अशी द्यावी की उत्तर एकच यावे, आणि बक्षीस ठेवू नये. बक्षीस आले की मुलाचे लक्ष शब्दावरून उडते.

साहित्य म्हणाल तर खडू व शाळेची जमीन पुरेशी आहे. दुसरीस दोन-तीन शब्दांचे कोडे द्यावे. तिसरीत मुलांच्या जोड्या कराव्यात. चौथीच्या मुलांनी स्वतः कोडी रचावीत. कोडे सोडविण्यापेक्षा रचणे कठीण, कारण त्यात शब्दाचा अर्थ नेमक्या शब्दांत सांगावा लागतो. शब्द मुलांच्या जीवनातील असावेत : माड, वल्हे, पाग, होडी. मालवणी शब्दही वर्ज्य मानू नयेत. ‘चेडू’, ‘झील’, ‘व्हाळ’ हे उत्तर असावे आणि खूण प्रमाण मराठीत असावी. घरची भाषा व शाळेची भाषा एका चौकटीत भेटल्या, की मुलास दोन्हींचा संकोच वाटेनासा होतो.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या मुलांनी रचलेले एक कोडे आणावे, अशी माझी विनंती आहे. ते आपण शिक्षकांनी येथे बसून सोडवू. एखाद्या घरात आपण अडलो, तर त्या वाडीतील मुलास विचारण्यात आपणांस कमीपणा वाटू नये.