बाजू घेणारे इंग्रजी शब्द



मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिक म्हणून नोकरी करतो. स्पर्धा परीक्षांना बसणारी आपली मुले शब्दसंग्रहाच्या पुस्तकातून रेबेल म्हणजे बंडखोर, लॉयलिस्ट म्हणजे राजनिष्ठ, न्यूट्रल म्हणजे तटस्थ, असे पाठ करताना मी पाहतो. पाठ करावेच, गुण त्याचेच मिळतात. परंतु राजकारण आणि युद्ध यांतील शब्दांबाबत एक प्रश्न जास्तीचा विचारावा लागतो. हा शब्द कोणी, कोणाला दिला? कारण यांतले बरेच शब्द अर्थ सांगण्याआधी निकाल देऊन मोकळे होतात.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध घ्या, १७७५ ते १७८३ चे. वसाहतींतील जे लोक इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठले ते स्वतःला पेट्रियट, म्हणजे देशभक्त, म्हणवीत. राजाच्या दप्तरी तेच लोक रेबेल होते. जे राजाकडे राहिले ते स्वतःला लॉयलिस्ट म्हणत आणि विरोधक त्यांना टोरी म्हणून हिणवीत. आमच्या बँकेत असेच असते. तुमच्या पासबुकात जी रक्कम जमा दिसते, तीच बँकेच्या ताळेबंदात देणे म्हणून दिसते. वही कोणाची, ते आधी पाहावे.

टोरी हा मूळचा आयरिश शब्द. अर्थ, फरारी लुटारू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या गादीच्या वारसावरून तट पडले, तेव्हा एका तटाने दुसऱ्याला घातलेली ती शिवी. पुढे ती अंगवळणी पडली, इतकी की ब्रिटनच्या हुजूर पक्षाला आजही टोरीच म्हणतात.

सगळ्यांनाच शिवी अशी पचत नाही. क्विसलिंग हे नॉर्वेतील एका माजी संरक्षणमंत्र्याचे आडनाव. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर स्वारी केली आणि त्याच संध्याकाळी या गृहस्थाने रेडिओवरून स्वतःचे सरकार जाहीर केले. थोड्याच दिवसांत लंडनची वृत्तपत्रे हे आडनाव देशद्रोही या अर्थी वापरू लागली. १९४५ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. आपल्या बोलण्यात सूर्याजी पिसाळ हे नाव येते, तसेच हे.

फिफ्थ कॉलमचे मराठीत पंचमस्तंभी झाले. कॉलम म्हणजे खांब, म्हणून स्तंभ. पण येथे कॉलम म्हणजे कूच करणारी सैन्याची तुकडी. १९३६ साली स्पेनच्या यादवीत बंडखोर सेनापतींच्या चार तुकड्या माद्रिदवर चालून येत होत्या. पाचवी शहराच्या आतच आहे, असे बोलले गेले. जनरल मोला यांच्या नावावर ते वाक्य सांगतात. त्या एका शब्दाने शहरात संशयाचे रान पेटले. त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात तुरुंगांतील दोन हजारांहून अधिक कैद्यांना शहराबाहेर नेऊन ठार करण्यात आले. खांब म्हटले की हे काहीच डोळ्यांपुढे येत नाही.

न्यूट्रल आणि नॉन-अलाइन्ड यांतही मुले घोटाळा करतात. न्यूट्रल हा युद्धकाळातील कायदेशीर दर्जा आहे, त्याला बंधने असतात. १९६१ साली बेलग्रेडला जमलेली अलिप्त राष्ट्रे कोणत्याही गोटात नव्हती, पण प्रत्येक प्रश्नावर बोलायला मोकळी होती.

आता बॉयकॉट. पुस्तकात एका ओळीत असते, बॉयकॉट म्हणजे बहिष्कार. येथे मी थोडा थांबणार आहे. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, त्याने त्यांना जमिनीवरून काढायला घेतले. तेव्हा मजुरांनी काम सोडले, दुकानदारांनी माल देणे बंद केले. अखेर बाहेरून आलेल्या पन्नास जणांनी शेकडो सैनिकांच्या पहाऱ्यात त्याचे पीक काढले. म्हणजे हे खालच्यांनी वरच्याविरुद्ध उचललेले हत्यार होते.

आपल्या खेड्यांत मात्र बहिष्कार वरून खाली आला. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी बंद, कसायची जमीन काढून घेतली, वाण्याचे दुकान बंद, रस्ता बंद, असे प्रकार समितीच्या १९३० च्या अहवालात नोंदले आहेत. त्याच वर्षी लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि कलमे घेतली ती ब्रह्मदेशच्या १९२२ च्या बॉयकॉटविरोधी कायद्यातून. गंमत अशी, की तो कायदा ब्रिटिशांनी तेथील राष्ट्रीय चळवळीला आवर घालण्यासाठी केला होता. सत्तेच्या सोयीची कलमे बाबासाहेबांनी दुबळ्यांच्या रक्षणाला लावली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडले.

तेव्हा मुलांनी वहीत बॉयकॉट या शब्दापुढे अर्थ लिहून झाला की आणखी दोन रकाने आखावेत. कोणी घातला, आणि कोणावर.

 जय भीम.