एकाचा प्रश्न, एकाला उत्तर



वसंत व्याख्यानमालेत उभा राहणारा वक्ता बहुधा राष्ट्राविषयी, साहित्याविषयी किंवा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राविषयी बोलतो. मी आज ज्या माणसाविषयी बोलणार आहे तो थोर नाही. तो आपल्या घरात असतो, शेजारी असतो, कदाचित आज या मंडपातही बसला असेल. तो वेळेवर जेवतो, वेळेवर कामावर जातो, आणि कोणी विचारलेच तर 'काही नाही, बरं चाललंय' असे म्हणतो. आतून मात्र तो चिखलात चाक रुतलेल्या गाडीसारखा जागच्या जागी अडलेला असतो. अशा अडलेल्या पुरुषाशी, आणि ज्याची प्रीती किंवा ज्याची घडण चारचौघांसारखी नाही अशा माणसाशी, बोलावे कसे, हा माझा आजचा विषय आहे. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांनी थोडा वेळ त्या तशाच राहू द्याव्यात, पण ऐकावे एवढी विनंती आहे.

अडलेला पुरुष ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्याकडच्या सर्वात प्रसिद्ध संवादाची सुरुवातच एका अडलेल्या पुरुषापासून होते. दोन्ही सैन्ये उभी आहेत, शंख वाजले आहेत, आणि ज्याच्या पराक्रमावर सारी भिस्त तो वीर धनुष्य टाकून रथात खाली बसतो. त्याचे अंग कापते, तोंडाला कोरड पडते. गीतेच्या पहिल्या अध्यायाला नाव आहे ते त्याच्या विषादाचे. श्रीकृष्णाने त्या वेळी सगळ्या सैन्याला उद्देशून भाषण केले नाही. तो एकाशीच बोलला, त्याच्या शंका पुन्हापुन्हा ऐकून घेत बोलला, आणि सर्व सांगून झाल्यावर शेवटी म्हणाला की, याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. त्यातले तत्त्वज्ञान क्षणभर बाजूला ठेवा आणि रीत तेवढी पाहा. एकाचा प्रश्न, एकाला उत्तर, आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे.

ही रीत मला ठाऊक नव्हती असे नाही. मी ती वर्गात शिकवीतही होतो. तरी प्रसंग आला तेव्हा मी काय केले ते सांगतो. तीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला आणि 'सर, रंकाळ्यावर फिरून येऊ या का?' म्हणाला. आम्ही तासभर चाललो. परीक्षा झाली, पाऊसपाणी झाले, आणि अंधार पडल्यावर, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, 'सर, मला मुलींविषयी तसं काही वाटत नाही.' त्याला पुढे आणखी बोलायचे होते. मी बोलू दिले नाही. म्हणालो, 'अरे, या वयात असं होतं. व्यायाम कर, वाचन वाढव. लग्न झालं की सगळं सुरळीत होतं.' तो 'बरं, सर' म्हणाला आणि आम्ही परतलो. दोन वर्षांनी त्याच्या लग्नाची पत्रिका आली. मी अक्षता टाकून, जेवून आलो. आणखी चार वर्षांनी ती मुलगी माहेरी परत गेली. तिचा काय अपराध होता? आणि तो गाव सोडून कोठे गेला ते मला आजवर कळलेले नाही. माझा हेतू वाईट नव्हता. पण मी त्याला जे दिले ते उत्तर नव्हते. वापरून गुळगुळीत झालेले एक नाणे मी त्याच्या हातावर ठेवले होते.

उपदेश आणि समुपदेशन या दोन शब्दांत फरक आहे तो इथे. उपदेश सर्वांसाठी तयार असतो. जो समोर येईल त्याच्या गळ्यात तो घालता येतो. समुपदेशन आधी तयार असूच शकत नाही, कारण ज्याच्याशी बोलायचे तो अजून बोललेला नसतो.

आपल्या पुरुषांना उपदेश भरपूर मिळतो. 'पुरुषासारखा पुरुष तू, रडतोस काय?' इथून तो सुरू होतो. त्याची किंमत काय पडते ते पाहा. २०२२ साली या देशात १ लाख ७१ हजारांच्या आसपास लोकांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत १ लाख २२ हजारांहून अधिक पुरुष होते, म्हणजे दहांत सात. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद आपल्या महाराष्ट्राची. कर्ज, दारू, आजार, घरातली भांडणे अशी कारणे नोंदवहीत लिहिली जातात. पण त्या रकान्यांच्या पाठीमागे एक कारण पुष्कळदा असावे असे मला वाटते. ते म्हणजे सांगायला माणूस नव्हता.

कोल्हापूरकरांना हे तालमीच्या भाषेत सांगितलेले अधिक पटेल. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले, कुस्तीला राजाश्रय दिला, त्या तांबड्या मातीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण त्याच मातीच्या आसपास एक भीतीही वाढली. वीर्य गेले की बळ गेले, ही ती भीती. स्वप्नात काही झाले तरी पोराची झोप उडते, हातपाय गळतात, आणि भिंतीवरच्या जाहिराती पाहून तो भोंदू वैद्याच्या पायऱ्या चढू लागतो. या भीतीतून उद्भवणाऱ्या दुखण्याला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. शरीरात बिघाड नसतो. शरम आणि अज्ञान मिळून माणसाला आजारी करतात.

या अज्ञानाविरुद्ध एकहाती झुंज घेणारा माणूस आपल्याच भाषेत होऊन गेला. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे अध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, पुढे त्या कार्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांनी चालविले. या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. जे बापाला विचारता येत नाही, गुरूला विचारता येत नाही, डॉक्टरसमोर ओठावर येत नाही, ते माणसे कर्व्यांना पोस्टाने विचारीत. तोपर्यंत ब्रह्मचर्यावर पुस्तके होती, प्रवचने होती. ती सर्वांसाठी होती. कर्व्यांचे उत्तर विचारणाऱ्यासाठी होते.

त्याचे बक्षीस त्यांना काय मिळाले? खटला. १९३४ सालचा खटला या प्रश्नोत्तरांवरूनच झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून अश्लीलतेचा आरोप. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्यांना याच करवीर संस्थानातील माणगावी मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी आपल्या समाजाचे पुढारी म्हणून गौरविले, तेच बाबासाहेब. वाचक जे विचारतात त्याला उत्तर द्यायचे नाही तर मग मासिक काढायचे कशाला, आणि जे वाईट वाटते ते ज्ञानाने जाईल की दडपल्याने, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. दंड भरून ते पुन्हा उत्तरे लिहावयास बसले.

दुसऱ्याच वर्षी, १९३५ मध्ये, तिकडे व्हिएन्नात एका अमेरिकन आईच्या पत्राला डॉ. फ्रॉइड उत्तर लिहीत होते. मुलाविषयी तिने लिहिले होते, पण नेमका शब्द लिहिण्याचे धैर्य तिला झाले नव्हते. फ्रॉइडने तो शब्द स्वतः उच्चारला आणि तिला कळविले की समलिंगी असणे लाजिरवाणे नाही, दुर्गुण नाही, आजारही म्हणता येत नाही. मुलगा मनातल्या ओढाताणीने कष्टी असेल तर, तो बदलो वा न बदलो, त्याला शांतता मिळवून देता येईल. मुंबई आणि व्हिएन्ना यांच्यात केवढे अंतर! पण काम एकच चालले होते. पाकिटातून आलेली एकाची लाज, आणि तिला पाकिटातूनच गेलेला धीर.

पत्राला मात्र एक मर्यादा आहे. ते उलट विचारू शकत नाही. समोर बसलेला समुपदेशक विचारू शकतो: 'हे कधीपासून वाटतंय? कोणाला सांगितलंय का? तुम्हाला स्वतःला काय हवंय?' आपले जुने वस्ताद हेच करीत. ते सगळ्या पोरांना एकच डाव शिकवीत नसत. एकाच्या अंगाला ढाक शोभते, दुसऱ्याच्या एकेरी पट. आधी पोराचे अंग पाहायचे, मग डाव द्यायचा. आणि कुस्ती लागली की वस्ताद आखाड्याच्या कडेला बसतो. पोरगा पकडीत अडकला तरी तो आत उतरत नाही, त्याच्या जागी लढत नाही. समुपदेशकाचे स्थान नेमके तेच आहे.

ज्यांना हल्ली 'क्वीअर' म्हणतात, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी माणसे, त्यांच्या वाट्याला तर आपण फार थोडे साचे ठेवले. एक साचा लग्नाचा. तो मी माझ्या विद्यार्थ्याला दिला. दुसरा आपल्या या मुलखातला, यल्लम्माचा. मुलगा बायकी वागू लागला, केसांत जट निघाली, की त्याला देवीला सोडायचे. मग साडी, परडी आणि जोगवा. आपल्या जिल्ह्यातले लेखक राजन गवस यांनी 'भंडारभोग' कादंबरीत ते जोगत्याचे जिणे लिहिले, आणि २००९ च्या 'जोगवा' चित्रपटातून ते सर्वांसमोर आले. कुणाला तो आसराही वाटला असेल, मी नाकारीत नाही. पण 'बाळा, तुला काय हवंय?' हे त्या पोराला विचारले कुणी? अज्ञातवासातला बृहन्नडा आपण कीर्तनात कौतुकाने ऐकतो, आणि दारातल्या माणसाला मात्र त्याचे नावही विचारीत नाही.

कायदा आता आपल्या पुढे गेला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे लैंगिक कल पाहून कोणालाही उपचारात डावे-उजवे करता येत नाही. समलिंगी माणसाला 'बदलून देतो' असे सांगून उपचार करणे हे वैद्यकीय गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ठरविले. तेव्हा कोणी तुमच्या मुलाला 'सरळ करून' देण्याचे पैसे मागू लागला तर तिथून उठून यावे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला तर दिवसा-रात्री केव्हाही, आपल्या भाषेत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक कृपा करून लिहून घ्या. स्वतःसाठी नको असेल तर दुसऱ्यासाठी घ्या.

पण सर्वच काम तज्ज्ञांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. अडलेला माणूस आधी तज्ज्ञाकडे जात नाही. तो आधी मामाकडे येतो, मित्राकडे येतो, मास्तरांकडे येतो, आणि परीक्षेविषयी नाहीतर पावसाविषयी बोलत राहतो. त्या वेळी आपल्या जिभेवर जे तयार वाक्य येईल ते गिळून टाकावे. तेवढे केले तरी पुष्कळ झाले. मग तो बोलेल, आणि गरज असेल तर त्याचा हात धरून त्याला योग्य माणसाकडे नेता येईल.

रंकाळ्यावर मी आजही संध्याकाळी जातो. तो विद्यार्थी आज पन्नाशीला आला असेल. कधी अवचित भेटला तर त्याची क्षमा मागायची आहे, आणि त्याचे ते वाक्य जिथे मी तोडले तिथून विचारायचे आहे, 'बरं, मग पुढे?' मला हे तीस वर्षे उशिरा सुचले. आपल्यापैकी कोणाला ते आज रात्री घरी गेल्यावर विचारता आले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.