धातूचा सांधा आणि हाडाची पकड



जात्याची तळी गुळगुळीत झाली म्हणजे दाणा दळला न जाता घसरू लागतो. मग तिला टाकी लावून पुन्हा खरखरीत करावे लागते. तसाच, गुळगुळीत दगडावर गिलावा धरत नाही, हे आमच्या बऱ्हाणपूरकडील जसोंडीच्या गवंड्याला कोणी शिकवावे लागत नाही. खुब्यात कृत्रिम सांधा बसविणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता : गुळगुळीत धातूला जिवंत हाडाने धरावे कसे?

इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६०च्या सुमारास ॲक्रिलिक सिमेंटने सांधा बसविण्याची पद्धत रूढ केली. ती उत्तमच होती. पण तरुण, कष्टाळू माणसात सांधा पुढे सैल होण्याची भीती राहिली. म्हणून धातूवर सच्छिद्र लेप चढविण्याची कल्पना निघाली. कोबाल्ट-क्रोमच्या दांड्यावर त्याच धातूचे बारीक मणी चिकटवून तो निर्वात भट्टीत १२०० ते १३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. मणी वितळत नाहीत; जेथे एकमेकांना टेकतात तेथेच सांधले जातात. मधल्या १०० ते ४०० मायक्रॉनच्या पोकळ्यांत हाड वाढते. सिमेंटावाचून असा सांधा वापरण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८३ साली मान्यता दिली.

मात्र हे काम भांड्याला कल्हई करण्याइतके सोपे नव्हे. टायटॅनियम एवढे तापविले की त्याची अंतर्गत रचना बदलते, आणि मण्यांच्या बुडाशी पडणाऱ्या खाचांतून पुढे तडा जाऊ शकतो. दिवसाकाठी हजारो पावले टाकणाऱ्या माणसाचा दांडाच मोडला, तर लेपाचा उपयोग काय? म्हणून टायटॅनियमवर वितळलेली भुकटी प्लाझ्माच्या झोताने फवारतात. दांडा त्यामानाने थंड राहतो. लेप कच्चा असेल तर मणी सुटतो आणि सांध्यात शिरून घासणारा पृष्ठभाग ओरबाडतो.

शिवाय दांडा प्रथमपासूनच घट्ट बसला पाहिजे. तो सुमारे १५० मायक्रॉनहून अधिक हलत राहिला, तर पोकळ्यांत हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल भरते. केळीच्या बागेत घसरून पडलेल्या पंचाहत्तरीच्या आजीचे हाड ठिसूळ असते. तिला, माझ्या मते, सिमेंटच बरे. महाग ते चांगले, असा हट्ट घरच्यांनी डॉक्टरांपाशी धरू नये. कारण हाड एकदा लेपात पक्के वाढले, की तो दांडा काढण्याकरिता मांडीचे हाड उभे चिरावे लागण्याचीही पाळी येते.