नेत्रमापन आणि दृष्टिलाभ

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी मानवी नेत्रात पहिले कृत्रिम भिंग बसविले. शस्त्रक्रिया पार पडली; परंतु भिंगाची शक्ती गरजेपेक्षा फार अधिक ठरल्यामुळे रुग्णाला तीव्र निकटदृष्टी आली. शस्त्रवैद्याचा हात कितीही कुशल असला तरी मापनावाचून त्याचे श्रम अपुरे पडतात, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

प्रौढ नेत्राची पारपटलापासून दृष्टिपटलापर्यंतची लांबी सुमारे २३.५ मिलिमीटर असते. ही लांबी आणि पारपटलाची वक्रता यांवरून भिंगाची शक्ती ठरविली जाते. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरांचा फरक पडतो.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असलेल्या जोडशस्त्रक्रियेत ही अडचण अधिकच वाढते. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत मायामी येथे नेत्रातील काचाभ द्रव काढून टाकण्याची आधुनिक पद्धती रूढ केली. तिच्यामुळे दृष्टिपटलाचे अनेक विकार साध्य झाले. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक रुग्णांना या शस्त्रक्रियेनंतर दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो. म्हणून दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी करण्याकडे कल वाढला. रुग्णाचा दुसरा खर्च व दुसरे पथ्य वाचते.

तथापि मापन आजारी नेत्राचेच करावयाचे असते. पीतबिंदूला सूज असेल, तर श्राव्यातीत ध्वनितरंग सुजलेल्या पृष्ठभागावरूनच परततात. नेत्र आखूड भासतो, भिंग अधिक शक्तीचे निवडले जाते आणि रुग्ण निकटदृष्टी होतो. दृष्टिपटल सुटले असेल तरीही असेच घडते. अशा वेळी पुष्कळदा दुसऱ्या नेत्राच्या मापाचा आधार घेतात. नेत्रात सिलिकॉन तेल असल्यास उलट घडते. काचाभ द्रवात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५३२ मीटर जातो, तेलात मात्र सुमारे ९८० मीटर. ही दुरुस्ती केली नाही, तर नेत्र प्रत्यक्षाहून लांब दिसतो. १९९९ मध्ये आलेल्या प्रकाशाधारित उपकरणांनी या चुका पुष्कळ कमी केल्या. परंतु दाट मोतीबिंदूतून त्यांचा प्रकाशही पार जात नाही. शिवाय शस्त्रक्रियेच्या शेवटी भरलेला वायू नवे भिंग किंचित पुढे ढकलू शकतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. अचूक मापनाने प्रतिमा योग्य जागी पडते. ती ग्रहण करणे हे पीतबिंदूचे काम. पीतबिंदूचे छिद्र बुजले, तरी दृष्टी अनेक महिने हळूहळू सुधारत राहते. तो दीर्घकाळ सुटून राहिला असेल, तर नंबर बिनचूक येऊनही बारीक अक्षरे वाचता येतीलच असे नाही. ही गोष्ट रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगितली पाहिजे. अन्यथा यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही तो निराश होऊन घरी परततो.