पाठीवरचा शेवटचा टाका



जळगावचं हे मेहरूण माझं आजोळ. हिवाळ्यात इथली बोरं फ्रॉकच्या ओच्यात भरून मी घरी न्यायची, आणि पोळ्याच्या चार दिवस आधी मामी तळ्याकाठची चिकणमाती आणून बैल करायला बसायची. शिंगं आधी सुकतात आणि गळून पडतात, म्हणून ती मागाहून, अंग थोडं आवळल्यावर लावायची. चार बैलांमधला एक तरी पायाने अधू निघायचा आणि तो नेमका माझ्या वाट्याला यायचा. खेळणं कोणी केलं, असा प्रश्न तेव्हा मला कधी पडला नाही. करणारी समोर बसलेली असायची, तिच्या हाताला माती लागलेली असायची.

आज या बालसाहित्याच्या संमेलनाला येताना मी पिशवीतून एक अस्वल आणलंय. माझ्या नातीचं आहे, तिच्या परवानगीने आणलंय. मुलांनो, याची पाठ बघा. असं मऊ खेळणं आधी उलट्या बाजूने मशीनवर शिवतात, मग मोजा उलटवावा तसं उलटवतात आणि पाठीला ठेवलेल्या चार बोटांच्या फटीतून आत कापूस भरतात. ती फट मशीनला सहसा नीट बंद करता येत नाही. ती हातानेच शिवावी लागते. या अस्वलाच्या पाठीवर सात टाके आहेत आणि सहावा जरा तिरका गेलाय. दुकानातलं असं कुठलंही मऊ खेळणं घ्या, केसांत बोटं घालून शोधा, बहुतेक वेळा हे शेवटचे टाके सापडतील. खालच्या पट्टीवर कंपनीचं नाव आहे, देशाचं नाव आहे, कसं धुवायचं ते तीन भाषांत आहे. सात टाके घालणारीचं नाव नाही. आज मला तिच्याविषयी बोलायचं आहे.

10 मे 1993. थायलंडमध्ये बँकॉकजवळ नाखोन पाथोम प्रांतात केडर नावाचा खेळण्यांचा कारखाना होता. अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांसाठी तिथे बाहुल्या आणि कापूस भरलेले प्राणी तयार होत. दुपारी चारच्या सुमाराला पहिल्या इमारतीच्या तळमजल्यावर आग दिसली. वरच्या मजल्यांवर शेकडो मुली मशीनवर बसलेल्या होत्या. त्यांच्या इमारतीत धोक्याची घंटा वाजलीच नाही. कापड, कापूस आणि प्लास्टिकचे ढीग वाटेत पडलेले, जिने अपुरे, दारं बंद. इमारतीच्या लोखंडी खांबांना आगीपासून वाचवणारं आवरण नव्हतं. लोखंड तापलं की वाकतं, हे कुठल्याही लोहाराला ठाऊक असतं. सव्वापाचच्या सुमाराला ती चार मजली इमारत खाली बसली. 188 माणसं गेली, चारशेहून अधिक जखमी झाली. खिडक्यांतून उड्या टाकलेल्या कित्येक मुली वाचल्या त्या मोडलेल्या कण्यानिशी. मेलेल्यांत बहुसंख्य मुली होत्या आणि त्यांच्यातल्या बऱ्याच खेड्यांतून आलेल्या होत्या. थायलंडने पुढे 10 मे हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली.

त्याच वर्षी, 19 नोव्हेंबरला, चीनमध्ये शेन्झेनच्या झिली कारखान्यात आग लागली. तिथे इटलीच्या एका प्रसिद्ध ब्रँडची, चिकोची, बाळांची खेळणी होत. खिडक्यांना गज आणि दारांना कुलपं होती, माल चोरीला जाऊ नये म्हणून. 87 जण गेले. भरपाईसाठी हाँगकाँगच्या कार्यकर्त्यांना आणि इटलीतल्या कामगार संघटनांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

झिलीची एक गोष्ट आपण लिहिणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवावी अशी आहे. आगीनंतर तान शेन नावाच्या संशोधक बाई तिथे गेल्या आणि त्यांच्या हाती पत्रं लागली. त्या मुलींना घरून आलेली, दुसऱ्या कारखान्यांतल्या मैत्रिणींकडून आलेली. पुढे अभ्यासकांनी ती वाचून त्यांवर लिहिलं. तुमच्याकडे पगार वेळेवर मिळतो का, आमच्याकडे थकलाय. तिकडे जागा असेल तर कळव. ओव्हरटाइम किती असतो. घरी पैसे पोचले का. त्यांत कुठे काव्य नाही, आणि माझ्या वाचनात त्याहून खरं गद्य थोडंच आलंय. या मुली बिचाऱ्या अडाणी, असहाय होत्या असं समजू नका. कोणता कारखाना बरा, कुठला मालक पैसे बुडवतो, याची माहिती त्या एकमेकींना पत्रातून पुरवत होत्या. त्यांना काम हवंच होतं. गज लावलेल्या खिडकीआड मरण नको होतं.

ज्यांचं नाव खेळण्यावर छापलेलं होतं त्या कंपन्यांच्या बोलण्याचा सूर दोन्ही वेळा थोड्याफार फरकाने सारखाच होता: आम्ही माल विकत घेतो, कामगार आम्ही ठेवत नाही, कारखाना दुसऱ्याचा आहे.

खान्देशातल्या माणसाला हे उत्तर नवं वाटणार नाही. चाळीसगाव, पारोळा, साक्री भागातली कुटुंबं ऊसतोडीला कोयता घेऊन जातात, काही घाटावर, काही गुजरातकडे. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांवर जाणाऱ्या याच खान्देशी मजुरांवर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने 1970 च्या दशकापासून लिहिलंय. उचल देतो मुकादम, हिशोब ठेवतो मुकादम, कोयत्यामागे काय निघालं ते सांगतो मुकादम. मजूर आजारी पडला, बाई उसाच्या फडात बाळंत झाली, पोराला साप चावला, तर कारखाना म्हणतो, ‘ती माणसं मुकादमाची.’ 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीचे दिवस आले तरी खाडा करता येत नाही, खाडा केला तर दंड, ही त्यामागची एक मोठी तक्रार होती. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वार्ताहरांनी महाराष्ट्राच्या या साखरेचा माग काढला आणि तो कोकाकोला आणि पेप्सीपर्यंत पोचला. अंतर एवढंच: फडातली बाई, तिच्यावर मुकादम, त्याच्यावर कारखाना, आणि त्याच्यावर थंड पेयाची बाटली. जगभरच्या खेळण्यांची साखळीही अशीच विणलेली आहे, फक्त मधल्या मुकादमांची नावं चिनी आणि हाँगकाँगची आहेत.

या साखळीबद्दल आपल्या देशाने फार पूर्वी एक शहाणपणाची गोष्ट लिहून ठेवली होती. कंत्राटी कामगारांसाठी 1970 साली केलेल्या कायद्यात स्पष्ट म्हटलं होतं की, कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यावी, आणि मग त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. मजुराने मात्र ताटकळू नये. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्याच्यासाठी काम झालं त्याच्यावर देणं येऊन ठेपतं. एका कारखान्याच्या कुंपणाच्या आत जे आपण मान्य केलं, ते समुद्र मध्ये आला म्हणून का मोडावं? 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी उद्योगांसाठी मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. 2013 मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला आणि अकराशेहून अधिक कामगार मेले, तेव्हा कुठे कपड्यांच्या कंपन्यांनी सही करून कारखान्यांच्या सुरक्षिततेचं बंधन स्वीकारलं. 2017 मध्ये फ्रान्सने मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांवर लक्ष ठेवणं कायद्याने सक्तीचं केलं, 2023 पासून जर्मनीचा असा कायदा लागू झाला. तो कायदा तिथल्या उद्योगांना जड वाटतो अशी कुरकुर आता ऐकू येते.

‘एवढ्या लांबच्या कारखान्यात काय चाललंय ते आम्हाला कळणार कसं?’ असं कंपन्या म्हणतात. 2007 सालचा ऑगस्ट आठवा. मॅटेल कंपनीला खेळण्यांच्या रंगात शिसं असल्याचं कळलं आणि लाखो खेळणी बाजारातून परत मागवली गेली. तेव्हा कारखाना सापडला, त्याला रंग पुरवणारा सापडला, सगळं काही आठवड्यांत. त्या कारखान्याच्या भागीदार मालकाने, झांग शुहोंगने, त्याच महिन्यात आत्महत्या केली. रंगाच्या डब्यापर्यंत जी नजर पोचते, ती कुलूप लावलेल्या दारापर्यंत पोचू शकते. शिसं आपल्या मुलांच्या तोंडात जातं म्हणून शोध लागतो. मला त्यात चूक दिसत नाही, त्यांनी शोधायलाच हवं होतं. माझा प्रश्न फक्त इतकाच आहे की दाराचं कुलूप कोणाच्या मुलीवर लागलेलं असतं.

आपल्या देशातही तेच चाललंय. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं, 2023 मध्ये 70 टक्के झालं. त्यामुळे भारतात जास्त खेळणी बनू लागली, परदेशीही जास्त जाऊ लागली. मी याचं स्वागत करते. पण ते चिन्ह रंग तपासतं, टोकदार कडा तपासतं, लहान तुकडा सुटून मुलाच्या घशात जाईल का ते तपासतं. टाका घालणाऱ्या हाताला किती रुपये मिळाले, हे तपासणारं चिन्ह अजून छापलं गेलेलं नाही. काल आपण परदेशातल्या कारखान्याची बातमी वाचत होतो. उद्या कुठल्याशा परदेशातली आजी नातीचं अस्वल उलटवून पाहील आणि पट्टीवर आपल्या देशाचं नाव असेल.

आता मेहरूणचंच सांगते. इथून एमआयडीसी जवळच आहे. जळगावची प्लास्टिकची चटई सगळीकडे जाते, समुद्रापारही जाते. प्लास्टिकचा दाणा वितळवून त्याच्या पट्ट्या काढतात, त्या बॉबिनवर गुंडाळतात आणि लूमवर विणतात. मी शाळेत शिकवत असताना माझ्या एका विद्यार्थिनीची आई अशाच एका ठिकाणी कामाला होती. बारा तासांची पाळी. एका रात्री तिची दोन बोटं मशीनमध्ये गेली. आठवड्याने ती हाताला फडकं बांधून माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘बाई, अर्ज लिहून द्या.’ मी कागद घेतला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख लिहिली. मग तिने विचारलं, ‘मालक म्हणून कोणाचं नाव लिहायचं?’ कारखान्याचे लोक म्हणत होते ती ठेकेदाराची. ठेकेदार म्हणत होता त्याने फक्त माणसं पुरवली. चटईच्या गठ्ठ्यावर जो छाप होता तो परदेशातल्या कुणा व्यापाऱ्याचा. तिच्याकडे हजेरीचं कार्ड नव्हतं, पगाराची चिठ्ठी नव्हती. होती ती दोन बोटांची जखम.

मी तेव्हा चाळीस वर्षांची होते, माझी तीन पुस्तकं निघाली होती, आणि त्या एका रकान्यात काय लिहावं ते मला सुचलं नाही. शेवटी आम्ही तिन्ही नावं लिहिली. एकाखाली एक. तो अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा घेतला गेला. दोन वर्षांनी थोडे पैसे मिळाले. बोटांच्या मानाने ते थोडेच होते. पण त्या रकान्यातली तिन्ही नावं कोणी खोडली नाहीत, याचा मला आजही आधार वाटतो. मी जे काही मागतेय ते इतकंच आहे: मालकाच्या रकान्यात सगळी नावं लिहा. ठेकेदाराचं, कारखान्याचं, आणि खोक्यावर छापलेलंही. किंमत ठरवणारा, मालाची तारीख ठरवणारा, नाताळच्या आधी माल पोचला नाही तर दंड लावणारा खोक्यावरच्या नावाचा मालकच असतो. दर आणि तारीख त्याच्या हातात आहे, तर ओव्हरटाइमही त्याच्याच खात्यावर पडायला हवा. तपासणीला माणूस पाठवून त्याची सुटका होत नाही. तपासणी येणार हे चार दिवस आधी कळतं, हजेरीची दुसरी वही काढली जाते, मुलींना काय उत्तर द्यायचं ते पाठ करून घेतलं जातं. चीनमधल्या खेळण्यांच्या कारखान्यांविषयीच्या अहवालांत हे वारंवार आलं आहे, आणि इथे बसलेल्या पुष्कळांना ते ऐकून माहीत असेल.

काही जण मला म्हणतात, बालसाहित्याच्या संमेलनात हे कशाला? 1944 साली धुळ्याला साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते मामा वरेरकर, ‘धावता धोटा’ ही गिरणी कामगारांवरची कादंबरी लिहिणारे. मुलांसाठी आयुष्यभर लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि पुढे खान्देशातल्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. मुलांवर माया करायची आणि मुलांचं खेळणं करणाऱ्या मुलीकडे पाठ फिरवायची, हे त्यांना जमलं नसतं. जळगावच्या ज्या खान्देश मिलचा भोंगा माझ्या आजोबांनी ऐकला, त्या जागी आज मॉल आहे. भोंगा गेला म्हणून पाळी संपलेली नाही.

तुम्हा लिहिणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. आपल्या गोष्टींत खेळणी बोलतात, रुसतात, रात्री उठून नाचतात. एखाद्या गोष्टीत खेळण्याला विचारा, तुझी पाठ कोणी शिवली. मुलांना ते कळतं. परवा मी नातीला हे टाके दाखवले तर तिने तिरक्या टाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘इथे तिला झोप आली होती का?’

आता एक सूचना आणि मी थांबते. आजच्या कथाकथनाची वेळ कार्यक्रमपत्रिकेत रात्री सात अशी छापली आहे. एमआयडीसीतली दिवसपाळी आठला सुटते आणि सायकलीने मेहरूणला यायला वीस मिनिटं लागतात. मी आयोजकांना विनंती केली आणि त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली: कथाकथन साडेआठला सुरू होईल. चहा तेव्हाच ठेवायचा आहे, आधी नाही. पुढच्या दोन सतरंज्या मोकळ्या ठेवा. मघाशी जिच्याबद्दल सांगितलं ती बाई येणार आहे, तसा तिने लेकीकडून निरोप पाठवलाय, आणि पाळीवरून सुटलेल्या आणखी सात-आठ जणींना बरोबर आणतेय.