तापलेल्या क्षेत्राचे गणित
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून सात-आठ जणांनी विचारले, "तू तिकडे करतो तरी काय बे?" संयोजकांनी थोडी मिनिटे दिली आहेत, तर सर्वांना एकदमच सांगतो. माझा विषय आहे तापलेले अदिश क्षेत्र. नाव अवघड आहे, पण ज्याने रामटेकचा मे महिना काढला त्याने उष्णतेला काय भ्यायचे!

गडमंदिरापासून खिंडसीपर्यंत प्रत्येक जागेला समुद्रसपाटीपासूनची एक उंची आहे. नुसता आकडा; वाऱ्यासारखी दिशा त्याला नाही. जागोजागी असा नुसता आकडा असला की झाले अदिश क्षेत्र. क्वांटम भौतिकीत अशा क्षेत्रावरची लहानात लहान लाट म्हणजे कण. निसर्गातले असे मूलभूत क्षेत्र आजवर एकच सापडले आहे, ते हिग्जचे. त्याचा कण सापडल्याची घोषणा सर्नमध्ये ४ जुलै २०१२ रोजी झाली. तो टिपणाऱ्या दोन प्रयोगांपैकी एकात, सीएमएसमध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा होता.

आता काचेच्या बाटलीचा तळ आठवा, मधे फुगलेला. त्या फुगवट्यावर कंचा ठेवला तर घरंगळून कडेला बसतो. थंड विश्वात हिग्ज क्षेत्र असेच कडेला बसले आहे, म्हणजे त्याचा आकडा कुठेच शून्य नाही. त्यामुळेच इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळते.

मग हे सगळे तापवले तर? त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत मोकळ्या रस्त्यासारखे चालता येते का? धक्के खात चालणारा माणूस जड होतो. उष्ण क्षेत्रातल्या कणालाही भोवतीच्या कणांचे धक्के बसतात आणि त्याच्या वस्तुमानाच्या वर्गात तापमानाच्या वर्गाच्या पटीत भर पडते. ती भर पुरेशी झाली की तळाचा फुगवटाच नाहीसा होतो आणि कंचा मधोमध येतो. किर्झनित्स आणि लिंडे यांनी हे १९७२ मध्ये दाखवले; १९७४ मध्ये वाइनबर्ग यांनी, तसेच डोलन व जॅकिव यांनी त्याचा सविस्तर हिशेब मांडला.

हिशेबाची युक्ती मात्सुबारा यांची, १९५५ सालची. काळ 'काल्पनिक' संख्येत मोजायचा आणि त्याचे वर्तुळ करायचे. जितकी उष्णता जास्त, तितके वर्तुळ लहान. तापमान हे काळाच्या वर्तुळाचे माप कसे काय, याचे मला अजून नवल वाटते. गणित चोख सुटते, हे मात्र खरे.

हिग्जसाठी ही वेळ येते सुमारे १६० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे दोनावर पंधरा शून्ये इतक्या अंशांना. सूर्याच्या गाभ्यात जेमतेम दीड कोटी अंश. महास्फोटानंतर सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागाच्या सुमारास विश्व थंड होत या टप्प्यातून गेले.

ते कसे गेले, यावर बरेच अवलंबून आहे. सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ सारखेच होते. पूर्ण सारखे राहते तर एकमेकांना संपवून बसले असते. ना गड, ना खिंडसी, ना आपण. द्रव्य थोडे जास्त उरायला हवे असेल तर, एका मांडणीनुसार, तो बदल पाण्याला उकळी फुटावी तसा बुडबुड्यांनी व्हायला हवा. पण १९९६ मध्ये कायांती व सहकाऱ्यांनी संगणकावर जाळी मांडून दाखवले की हिग्ज कण जड असेल तर उकळी फुटतच नाही. मर्यादा ८० अब्जांच्या आसपास निघाली आणि प्रत्यक्षात कण भरला १२५. म्हणजे बदल झाला तो उन्हात तूप पातळ व्हावे तसा, हळूहळू. आपल्याला ठाऊक असलेले नियम इथे तोकडे पडतात.

इतरही तर्क आहेत. माझा कल मात्र असा, की अजून न सापडलेले दुसरे अदिश क्षेत्र असावे, ज्याच्या धक्क्याने ती उकळी फुटली. म्हणून सर्नमध्ये आता एकाच टकरीत दोन हिग्ज कण निघतात का, हे पाहतात; बाटलीच्या तळाचा खरा आकार त्यावरून कळेल.

संयोजक खुणावत आहेत. फुगवटा कसा जिरतो ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जेवणानंतर दहावीच्या वर्गात यावे. फळा तोच आहे, खडू मी आणले आहेत.